चिल्लई कलानमधले नऊ दिवस

आमच्या कराडच्या मोहल्ल्यात दिवाळी सरली की काश्मिरी शालवाले येतात. दहा-अकरा जण मिळून एक खोली भाड्याने घेतात, आळीपाळीने भात शिजवतात आणि सकाळी सायकलच्या मागे गाठोडे बांधून उंब्रज, पाटण, विटा अशा गावांकडे निघतात. शाली, स्वेटर, मफलर उधारीवर द्यायचे, दर आठवड्याला थोडे थोडे पैसे गोळा करायचे आणि फेब्रुवारीअखेर वही मिटवून घरी जायचे, असा त्यांचा धंदा.

त्यांच्यातले एक गृहस्थ 17 वर्षांपासून येतात. आम्ही त्यांना भाईजान म्हणतो, माझी मुले शालवाले मामू म्हणतात. मगरिबनंतर ते आमच्या ओसरीत बसून घरी व्हिडिओ कॉल करत आणि मलाही सलाम करायला बोलावत. कुपवाडा जिल्ह्यातल्या लोलाब खोऱ्यातले त्यांचे घर मला असे फोनमधूनच माहीत होते. जाड गालिचा, लाल झालेली बुखारी म्हणजे पत्र्याची शेगडी, तिच्याभोवती तीन मुले, मागे भिंतीला टेकून बसलेली त्यांची आई. भाभींचा चेहरा क्वचित दिसे, फोन बहुधा त्यांच्याच हातात असे. किती ऊबदार घर आहे, असे मला नेहमी वाटायचे.

मागच्या डिसेंबरात विट्याच्या रस्त्यावर एका मोटारसायकलने भाईजानना मागून धडक दिली. नडगीचे हाड मोडले, मांडीपर्यंत प्लास्टर आले. पहिले चार दिवस त्यांनी घरी कळू दिले नाही, फोन चेहऱ्याजवळ धरून बोलत राहिले. तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली, पण नेणार कोण? ऐन हंगामात साथीदारांना धंदा सोडणे परवडत नव्हते. माझे पती म्हणाले, "आपण पोहोचवू." माझी हक्काची रजा शिल्लक होती. मुलांना सासूबाईंकडे ठेवले आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो. तीन दिवस राहून परतायचे, असा बेत होता.

प्रवासाबद्दल फार लिहीत नाही. पुण्याहून जम्मूपर्यंत रेल्वे, पुढे मोटार. रामबनजवळ दरड आल्यामुळे एक रात्र गाडीतच काढली. श्रीनगरहून कुपवाडा सुमारे 90 किलोमीटर, सोपोरवरून रस्ता जातो, आणि तिथून पुढे लोलाब. उर्दू शिकवणाऱ्या माणसाला हे नाव नवे नसते. इक़बाल यांच्या 1938 साली निघालेल्या 'अरमुग़ाने हिजाज़'मध्ये या खोऱ्यावर कविता आहे, आणि देवबंदचे मोठे हदीस विद्वान मौलाना अन्वर शाह काश्मिरी 1875 साली याच खोऱ्यात जन्मले. वर्गात ही माहिती मी कितीदा सांगितली असेल. पण देवदारांनी काळपट दिसणारे डोंगर आणि त्यांच्या पायथ्याशी पांढऱ्या जमिनीत उभी असलेली उघडीबोडकी अक्रोडाची झाडे पाहिली तेव्हा वर्गातले काहीच आठवले नाही. फक्त थंडी कळत होती.

सोगामच्या पुढे सूमो गाडी एका वळणावर थांबली. त्यापुढे रस्ता बर्फाखाली होता. गावातली माणसे खाटले घेऊन उभी होती. चार म्हातारे आणि चार शाळकरी मुले. भाईजानना खाटेवर निजवले, दोन घोंगड्या टाकल्या आणि खाट खांद्यावर उचलली. तिथे आजारी माणूस आणि बाळंतीण हिवाळ्यात अशीच खाली येते, हे मला चालता चालता कळले. दीड तास आम्ही चढत होतो. मुलांची पावले बरोबर पडत होती, माझी गुडघ्यापर्यंत रुतत होती.

दारात भाभी उभ्या होत्या, मागे त्यांच्या सासूबाई, म्हणजे मौजी. काश्मिरीत आईला मौज म्हणतात. मौजींनी खाटेकडे पाहिले, मुलाच्या कपाळावर हात ठेवला आणि आम्हाला म्हणाल्या, "बिहिव, बिहिव." बसा, बसा. आठ वर्षांचा धाकटा मुलगा दाराआडून बघत होता. नंतर त्याने बहिणीला काहीतरी विचारले आणि सगळे हसले. सोळा वर्षांच्या त्या मुलीने मला उर्दूत सांगितले, "तो विचारतोय, अब्बा बर्फात कसे आले? अब्बा तर बर्फ गेल्यावर येतात."

तिथल्या हिवाळ्याचे हिशेब ठरलेले आहेत. 21 डिसेंबरपासून 40 दिवस चिल्लई कलान, पुढे 20 दिवस चिल्लई खुर्द आणि शेवटी 10 दिवस चिल्लई बच्चा. मोठा, छोटा आणि पिल्लू. चिल्ला हा शब्द आपल्याला चाळीस दिवसांच्या जमातीमुळे किंवा बुजुर्गांच्या एकांतामुळे माहीत आहे. फारसीत चिहिल म्हणजे चाळीस, त्यावरूनच हा आला. आम्ही मोठ्या चिल्ल्याच्या पोटात जाऊन पडलो होतो. तिसऱ्या दिवशी पुन्हा बर्फ सुरू झाले, खालचा रस्ता बंद झाला आणि तीन दिवसांचे नऊ झाले.

त्या घरात सर्वांत आधी भाभी उठत. बाहेर काळोख, खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची नक्षी. मातीच्या चुलीत लाकडे पेटवायची, पाणी तापवायचे आणि मग कांगड्या भरायच्या. कांगडी म्हणजे वेताच्या टोपलीसारख्या विणीत बसवलेले मातीचे भांडे. तळाशी कोळसा, वर निखारे, त्यावर राखेचा थर. राख जाड असेल तर कांगडी अर्धा दिवस टिकते. निखारे हलवायला बाजूला एक छोटी चपटी पळी बांधलेली असते, तिला चालन म्हणतात. माणशी एक कांगडी, फेरनच्या आत, पोटाशी. फेरनच्या बाह्या मोकळ्या लोंबत असतात, कारण हात आत कांगडीवर असतात. पहिल्या दिवशी मला वाटले, या गावात सगळ्यांचे हात कुठे गेले?

हा कोळसा बाजारातून येत नाही. शरद ऋतूत झाडांची पाने गळतात तेव्हा बायका आणि मुले पाने, काटक्या गोळा करतात, पेटवतात आणि वेळेवर पाणी शिंपडून विझवतात. पोत्यात भरून ठेवतात. मुलगी म्हणाली, "शाळेतून आल्यावर दोन महिने हेच काम. नाहीतर हिवाळ्यात अभ्यास करताना बोटे चालत नाहीत."

माळ्यावर गेले तेव्हा मला माझे माहेर आठवले. भाभींनी दिवा धरला होता. दोऱ्यात ओवलेली वांग्याची चिरलेली फोड, दुधीच्या गोल चकत्या, लाल टोमॅटो, सलगमच्या कापा, सगळे उन्हात वाळवून माळा करून टांगलेले. या सुक्या भाज्यांना ते होख स्यून म्हणतात. एका कोपऱ्यात सुके मासे, दुसऱ्यात मक्याची कणसे, अक्रोडाची दोन पोती, राजमा, तांदूळ. ताजे सलगम आणि बटाटे अंगणात खड्डा करून मातीखाली ठेवलेले, त्यावर बर्फ. लागतील तेवढे उकरून काढायचे. माझे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात. तिथे मे महिन्यात अम्मी आगोट भरायची. सुकट, बोंबील, सोडे, आमसुले, फणसाचे पापड, कांद्याच्या माळा, पडवीत छपरापर्यंत रचलेले सरपण. पावसाचे चार महिने नदीला पूर आला की पलीकडचा बाजार बंद. माळ्यावरचा वासही तोच होता. सुक्या माशाचा आणि धुराचा. मी भाभींना आगोट हा शब्द सांगितला. त्यांनी तो दोन-तीनदा म्हणून पाहिला.

सकाळचा चहा म्हणजे नून चाय, मिठाचा. पत्ती चिमूटभर सोडा घालून तासभर उकळायची, लाल काढा झाला की पळीने उंचावरून घोळायचा, मग दूध. रंग गुलाबी येतो. मला पहिल्या दिवशी घोट गिळताना त्रास झाला, सहाव्या दिवशी मी दुसरा पेला मागितला. माझे पती मात्र शेवटपर्यंत साखर शोधत राहिले. त्या चहाबरोबर मक्याची जाड भाकरी. दुपारी-रात्री भात, त्यावर हाखचा पाला किंवा सुकी भाजी. मटण आम्ही पाहुणे म्हणून दोनदा झाले. नको म्हणण्याची सोय नव्हती.

चहा झाला की पाणी. नळ गोठलेला असे. एकदा पाइप तडकलाच. मग भाभी आणि मुलगी झऱ्यावर जात, मीही गेले. झऱ्याला तिथे नाग म्हणतात. आश्चर्य म्हणजे तो गोठत नाही. जमिनीतून येणारे पाणी बाहेरच्या हवेपेक्षा ऊबदार असते, त्यामुळे त्यावर वाफ दिसते. बायका तिथेच भांडी घासतात, वजू करतात. हात पाण्यात असेपर्यंत ठीक, बाहेर काढले की सुया टोचाव्यात तसे होते. भाभींच्या बोटांना उभ्या भेगा पडल्या होत्या. त्या मुलांना म्हणत, अक्रोडाचे तेल लावा, भेगा भरतात. स्वतः लावताना मी त्यांना पाहिले नाही. रमजान जवळ येत होता म्हणून त्या मागच्या वर्षीचे राहिलेले रोजे पूर्ण करत होत्या. दिवस लहान, तहान लागत नाही, म्हणून बायका कजा रोजे हिवाळ्यात ठेवतात. आपल्याकडेही तसेच आहे. पण दोन-दोन घागरी घेऊन बर्फातून चढण चढणे आपल्याकडे नाही.

मग बर्फ उपसायचे. लाकडी फावड्याने दारापासून गोठ्यापर्यंत, गोठ्यापासून संडासापर्यंत, तिथून गावाच्या पायवाटेपर्यंत. रात्रीतून वाट पुन्हा बुजते. पुन्हा सकाळी तेच. गाईला भाताचा पेंढा घालायचा. पेंढा अंगणातल्या झाडांच्या बेचक्यात उंच रचून ठेवलेला, बर्फात भिजू नये म्हणून. छपराच्या कडेला बर्फाच्या लांब सुळ्या लोंबत होत्या. त्यांना काय म्हणतात, असे मी मुलीला विचारले. ती म्हणाली, "शिशरगांठ." मी तिला सांगितले, आमच्या मराठीत माघ-फाल्गुनाच्या ऋतूला शिशिर म्हणतात आणि गाठ म्हणजे गाठच. तिने वहीत लिहून घेतले. हिवाळ्याची सुटी फेब्रुवारीअखेरपर्यंत, त्यामुळे ती माझ्यामागे उर्दूची पुस्तके घेऊन फिरत असे. मलाही बरे वाटे.

चौथ्या रात्री प्रचंड गडगडाट झाला आणि घर हादरले. मी अंगावरची रजई फेकून दाराकडे धावले. आमच्या पाटण-कराड भागात भूकंप हा घरचा विषय आहे. 11 डिसेंबर 1967 च्या कोयनेच्या भूकंपात माझ्या सासूबाईंचे माहेरचे घर पडले होते. मौजींनी अंधारातच माझा हात धरला आणि खाली बसवले. उतरत्या पत्र्यावरचे बर्फ एकदम घसरून खाली आले होते, एवढेच. मग झोप उडाली म्हणून त्यांनी 8 ऑक्टोबर 2005 ची गोष्ट सांगितली, मुलगी भाषांतर करत होती. तेव्हाही रमजान होता, सकाळची वेळ. शेजारची नवी सिमेंटची भिंत कोसळली, पण या घराला फक्त भेगा पडल्या. घर जुन्या पद्धतीचे, धज्जी दिवारीचे. लाकडाची चौकट, तिच्यात तिरक्या पट्ट्या, आणि मधल्या छोट्या छोट्या खणांत माती-दगड. उर्दूत धज्जी म्हणजे कापडाची चिंधी. तुकड्या-तुकड्यांची भिंत हलते, पण एकदम कोसळत नाही.

त्याच रात्री त्यांनी दुसरेही सांगितले. भाईजानचे वडील सहा वर्षांपूर्वी याच चिल्लई कलानमध्ये वारले. रस्ता बंद होता. मुलगा चौथ्या दिवशी पोहोचला. "कबरीवर बर्फ पडले होते," मौजी म्हणाल्या, "त्याने हाताने बाजूला केले." हे भाईजाननी आम्हाला कराडमध्ये कधी सांगितले नव्हते. त्या वर्षी आठवड्याभरात ते परत आले होते आणि उधारी गोळा करत फिरत होते. मला ते आठवले आणि लाज वाटली. त्यांनी तेव्हा उधारीची आठवण केली म्हणून मी जरा त्रासूनच बोलले होते.

माझे पती नमाजला मशिदीत जात, तेव्हा हमामची बातमी आणत. तिथल्या मशिदींना हमाम असतो. दगडी फरशीखाली लाकडे पेटवतात, फरशी तापते, तांब्याच्या हौदात वजूचे पाणी गरम राहते. लाकडे प्रत्येक घराने पाळीने द्यायची. नमाजानंतर पुरुष तिथेच पाय पसरून बसतात, सगळ्या गावाच्या गप्पा होतात. बायकांना तशी जागा नाही, हे मी नोंदवून ठेवते. एका जुम्मानंतर हे आले आणि म्हणाले, "पहिल्या सफेत म्हातारे होते, शेवटच्या सफेत मुले. मधली सफच नाही." मधली सफ महाराष्ट्रात, पंजाबात, हिमाचलात, बंगालात गाठोडी घेऊन फिरत होती.

आता भाईजानबद्दल. 17 वर्षांत हा पहिला हिवाळा ते घरी होते. पहिले दोन दिवस पाहुण्यासारखे गेले, लोक भेटायला येत होते. तिसऱ्या दिवसापासून ते अस्वस्थ झाले. त्यांना बसल्या जागी सगळे दिसत होते. व्हिडिओवर दिसायचा तो गालिचा, बुखारी आणि मुले हा या खोलीचा एक कोपरा होता. उरलेल्या खोलीत छपरातून ठिबकणाऱ्या पाण्याखाली ठेवलेल्या दोन बादल्या होत्या, ओली लाकडे होती, खिडकीला काचेऐवजी लावलेला प्लास्टिकचा कागद होता. बुखारी दिवसातून दोन-तीन तासच पेटत असे, संध्याकाळी, त्यांच्या फोनच्या वेळी. सरपण पुरवून वापरायचे तर दुसरा मार्ग नव्हता. मुलीच्या पोटरीवर कांगडीच्या उष्णतेने तांबूस जाळीसारखे डाग पडले होते. ते पाहून त्यांनी विचारले, "हे कधीपासून?" ती म्हणाली, "सगळ्यांनाच असतात, अब्बा." वर्षानुवर्षे असे भाजत राहिले तर त्वचेचा कॅन्सर होऊ शकतो. डॉक्टरांनी त्याला कांगडी कॅन्सर असेच नाव दिले आहे. मी भाभींना तेवढे मात्र स्पष्ट सांगितले, कातडीला थेट टेकवू नका, मध्ये जाड कापड ठेवा. रात्री झोपताना त्या कांगड्या बाहेर नेत आणि बुखारी विझल्याशिवाय कुणाला झोपू देत नसत, खिडकीची एक फट कायम उघडी. बंद खोलीत कोळशाच्या धुराने माणसे झोपेत गुदमरून गेल्याच्या घटना तिथे दर हिवाळ्यात घडतात. माझे पती ती फट बुजवायला गेले तेव्हा आठ वर्षांच्या मुलाने त्यांना अडवले.

मला अम्मीची कॅसेट आठवली. अब्बा तेव्हा सौदीत होते. पत्रांबरोबर कॅसेट भरून पाठवायची पद्धत होती. आम्ही सगळे टेपरेकॉर्डरभोवती बसायचो. पावसाळ्यात कौलातून गळत असे, खाली पातेली लावलेली. पातेल्यात पडणाऱ्या थेंबांचा आवाज थांबला की मगच अम्मी लाल बटण दाबायची. अब्बांनाही तिकडून येणाऱ्या कॅसेटमध्ये नेहमी बरेच असायचे. मी हे त्या घरात कुणाला सांगितले नाही. पण फोन कुठल्या कोनात धरायचा हे भाभींना कुणी शिकवले असेल, असा प्रश्न मला पडला नाही.

सहाव्या दिवशी गोठ्याच्या छपरावरून भांडण झाले. गोठ्याचे छप्पर सपाट, मातीचे. त्यावर कमरेएवढे बर्फ साचले होते. काढले नाही तर वजनाने खाली येते, गाय आत. भाईजान कुबडी घेऊन उभे राहिले. मी चढतो म्हणाले. भाभींनी आवाज न चढवता काश्मिरीत काहीतरी सांगितले. त्यांनी पुन्हा कुबडी टेकली. तेव्हा भाभी मोठ्याने बोलल्या. इतक्या दिवसांत मी त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता. मुलगी भाषांतर करायला तयार नव्हती. मौजींनीच मग मोडक्या उर्दूत सांगितले, "ती म्हणते, सतरा वर्षे हे छप्पर कोण साफ करत होते? तुझे गाठोडे?"

भाभी आणि मुलगी शिडी लावून वर गेल्या. माझे पती मदतीला गेले, पण त्यांना त्यातले काही येत नव्हते, खाली उभे राहून फावडे पुरवायचे एवढेच. दोन तास लागले. भाईजान खिडकीजवळ बसून होते. काचेवर श्वासाची वाफ धरत होती, ते बाहीने पुसत होते, पुन्हा धरत होती. मी आत चहा करत होते म्हणून पाहिले.

त्या रात्री कुणी फार बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तेव्हा चुलीपाशी भाईजान पाय लांब करून बसले होते, समोर सात कांगड्या ओळीने. भाभी बाजूला उभ्या राहून सांगत होत्या. कोळसा जास्त झाला, राख कमी पडली. धाकटा मुलगा उठून आला, थोडा वेळ बघत राहिला आणि त्याने वडिलांच्या हातातली चालन काढून घेतली. "असे नाही, अब्बा. कडेने." पहिल्या दिवशीच्या कांगड्या दुपारच्या आत विझल्या. भाभी हसल्या. पुढच्या दिवशीच्या जोहरपर्यंत टिकल्या. आम्ही निघालो त्या दिवशी माझी कांगडी सूमोपर्यंत गरम होती.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी भाभींना विचारले, "येत्या नोव्हेंबरात भाईजान येतील ना?" मला वाटले होते, त्या नाही म्हणतील.

"येतीलच," त्या म्हणाल्या. "इथे चार महिने हाताला काम नाही. अक्रोडाचे पैसे फेब्रुवारीच्या आत संपतात. मुलीला बारावीनंतर शिकायचे आहे." मग थोड्या वेळाने, "पण या वर्षी शिडी कुठे ठेवतो, पाइप कसा सोडवायचा, हे त्यांना माहीत झाले. एवढे झाले."

रस्ता उघडला तेव्हा खाली जाणारी पहिली सूमो आम्हाला मिळाली. मौजींनी माझ्या पिशवीत अक्रोड आणि सुक्या वांग्याची एक माळ घातली. भाईजाननी यांच्याकडे उधारीची वही दिली. त्यांची 17 वर्षांची गिऱ्हाइके, कुणाचे तीनशे, कुणाचे बाराशे, काही नावे फक्त "विहिरीजवळची आजी", "गिरणीवाल्यांची सून" अशी लिहिलेली.

कराडला आल्यावर हे आणि मोहल्ल्यातली दोन मुले रविवारी रविवारी ती वही घेऊन फिरली. मला शंका होती. शालवाला समोर नसेल तर कोण देणार? काहींनी खरेच दिले नाहीत. पण उंब्रजजवळच्या त्या विहिरीजवळच्या आजींनी पदराच्या गाठीतून दोनशे रुपये काढून दिले, पायाचे कसे आहे ते विचारले आणि प्लास्टर काढल्यावर तिळाचे तेल चोळायला सांगितले. तो निरोपही आम्ही पोहोचवला.

फेब्रुवारीच्या शेवटी मगरिबनंतर फोन आला. प्लास्टर निघाले होते. भाईजाननी नेहमीप्रमाणे गालिच्यापासून सुरुवात केली नाही. फोन हातात घेऊन ते लंगडत बाहेर गेले. चिखल झालेले अंगण, वितळणाऱ्या बर्फाची काळपट रास, गोठा, त्याचे छप्पर, शिडी, बादल्या, सगळे दाखवत फिरले. मागे भाभींचा आवाज येत होता, पुरे आता, म्हणून. मग ते म्हणाले, "बाजी, आता तुमची ओसरी दाखवा. मुलांना बघायची आहे, मी कुठे बसायचो ते."

ओसरीत दोरीवर कपडे वाळत होते, खाली मुलांच्या चपला, कोपऱ्यात दळणाचा डबा. मी आवरायला उठले. मग तशीच बसले आणि फोन फिरवला.